सहा बोर्ड, सहा तऱ्हा: कॉलचा रस्ता एकाच जागी कसा ठरवावा?

तारघर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमची कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते. भोसरीत मुख्य कारखाना, चाकणला दुसरा, नाशकात सातपूर, नागपूरजवळ बुटीबोरी, गोव्यात वेर्णे आणि अंधेरीला विक्रीचं ऑफिस. सहा ठिकाणं आणि सहा टेलिफोन बोर्ड (आतले फोन आपसांत आणि बाहेरच्या लाइनला जोडणारी यंत्रं). प्रत्येक बोर्ड त्या त्या वेळच्या ॲडमिनवाल्याने त्या त्या वेळच्या बजेटात बसेल तसा घेतलेला. दोन बरे आयपीवाले (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून आवाज नेणारे), तीन अर्धे आयपी अर्धे जुने, आणि वेर्ण्याचा निव्वळ पीआरआयवरचा, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या तीस चॅनेलच्या जुन्या लाइनवरचा. तो कुठल्या साली बसवला हे ज्याला माहीत होतं तो माणूसही रिटायर झाला.

प्रत्येक बोर्डात बाकीच्या पाचांचा रस्ता हाताने भरलाय. सहा पंचे तीस नोंदी. कुठे दोन आकडी कोड, कुठे एक आकडी, नाशकात तर स्टार दाबून. चाकणला एखादी मालिका बदलली की पाच व्हेंडरना फोन करायचा. एक आठवड्याने येतो, आणि येताना मागचं थकलेलं बिल घेऊन येतो.

डोकं फिरलं ते १५ जानेवारी २०२१ ला. लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावायचा, हा नियम त्या दिवशी लागू झाला. आमच्याकडे बाहेरची लाइन घ्यायलाही शून्यच. बोर्ड पहिला शून्य स्वतः खातो आणि उरलेला नंबर पुढे ढकलतो. त्या सकाळी मोबाइल लागेनात. कानात बाई सांगतेय नंबराआधी शून्य लावा, आणि लोक ओरडतायत की लावलाय की! मग कुणीतरी दोन शून्यांचा शोध लावला, तो व्हॉट्सॲपवर फिरला. दोन दिवसांनी भोसरीच्या व्हेंडरने बोर्डातच शून्य जोडून दिला, तर ज्यांना दोनाची सवय लागली होती त्यांचे तीन झाले. वेर्ण्याला हे निस्तरायला तीन आठवडे लागले.

आता साहेब म्हणतात, सगळं एक करा. सहाही बोर्ड बदलायला पैसे नाहीत. मला हवंय ते एवढंच: बोर्ड आहेत तिथे राहू देत, पण कुठला नंबर कुठे जायचा हे मध्ये एकाच जागी ठरावं. कुणी केलंय का? कुठे आपटलात ते आधी सांगा.

शून्यदाबा

आमच्याकडे आठ बोर्ड, म्हणजे छप्पन्न. खुर्ची घेऊन बसलोय.

ढगातला

अजूनही लोक बोर्ड सांभाळत बसलेत! सगळं उचला, क्लाउडवर टाका, प्रत्येकाला लॅपटॉपवर ॲप द्या. धागा संपला.

तारघर

@ढगातला, भोसरीच्या शॉपफ्लोअरवर दोन वायरींचे साडेतीनशे फोन आहेत. क्रेनच्या केबिनमध्ये एक, पेंट शॉपमध्ये ठिणगी न उडणारा जाड लोखंडी एक. क्रेनवाल्याला लॅपटॉप देऊ म्हणता? क्लाउड ऑफिसवाल्यांसाठी घेऊसुद्धा, पण तेव्हा माझ्याकडे सहाऐवजी सात बोर्ड होतील. प्रश्न तोच राहतो, फक्त तिसाच्या बेचाळीस नोंदी होतात.

ढगातला

बरं बाबा. क्रेनचं डोक्यात आलं नव्हतं.

सिग्नलवाला

तारघर, हे काम मी तीनदा केलंय, एकदा पार फसलोय. लिहितो जरा सविस्तर.

तुम्हाला हवंय त्याला आम्ही हब म्हणतो. सहाही बोर्ड एकमेकांशी बोलणं बंद करतात आणि फक्त हबशी बोलतात. प्रत्येक बोर्डात एकच रस्ता उरतो: आपला नंबर नसेल तर हबकडे. बाकी सगळी अक्कल हबमध्ये. बाजारात यासाठी तयार वस्तू आहेत. अवायाचा सेशन मॅनेजर हेच करतो, सिस्कोच्या कॉल मॅनेजरची सेशन मॅनेजमेंट एडिशन हेच करते. फुकटात हवं असेल तर कमाइलिओ किंवा ओपनसिप्स. ही दोन सख्खी भावंडं, २००८ मध्ये ओपनसेरची वाटणी झाली त्यातून निघालेली. दोन्हींत नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून रस्ता निवडणारं मोड्यूल आहे आणि तुमच्या सहा ठिकाणांचा भार त्यांना जाणवणारही नाही. मात्र ते सांभाळायला लिनक्सला न घाबरणारा माणूस लागतो, आणि तो सोडून गेला की काय, हा प्रश्न साहेब विचारणार. उत्तर तयार ठेवा.

हब फक्त रस्ता दाखवतो. आवाज शक्यतो त्याच्यातून नेऊ नका. नाशिक–नागपूर बोलणं चाललंय आणि आवाज भोसरीला वळसा घालून जातोय, असं झालं तर भोसरीची लाइन गेली की सगळे मुके. शिवाय लाइनही भरते: आवाज न दाबता नेणाऱ्या जी.७११ पद्धतीला एका कॉलमागे एका बाजूने साधारण ८० ते ९० केबीपीएस जातात, आवाज दाबून नेणाऱ्या जी.७२९ ला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास.

वेर्ण्याच्या म्हाताऱ्या बोर्डाला सिप (आयपीवर कॉल जोडायची भाषा) कळत नाही, त्याच्यापुढे एक ई-वन गेटवे, म्हणजे दुभाषाची पेटी, ठेवा. तीस चॅनेल एका बाजूला, सिप दुसऱ्या बाजूला. बोर्डाला वाटतं आपण टेलिफोन खात्याशीच बोलतोय.

आणि पेटी विकत घेण्याआधी वही घ्या. माझा जो प्रकल्प फसला तो पेटीमुळे नाही फसला. आम्ही नंबर कागदावर मांडलेच नव्हते. आधी सहाही ठिकाणची एक्स्टेंशनं एका तक्त्यात लिहून काढा. २०१ किती ठिकाणी आहे मोजा. मग इथे या.

तारघर

मोजलं. २०१ पाच ठिकाणी आहे. तीन ठिकाणी सिक्युरिटी गेट, एका ठिकाणी एमडी, एका ठिकाणी कुणीच नाही पण रिंग जाते.

कोकणकडा

रिंग जाते पण कुणीच नाही =)) हा स्वतंत्र धागा होऊ शकतो.

पोस्टाचा_पोरगा

वडील टपाल खात्यात होते म्हणून सुचतंय. ठिकाणांचे कोड नव्याने कशाला शोधता? पिनकोडचे पहिले तीन आकडे घ्या. भोसरी ४११, चाकण ४१०, सातपूर ४२२, बुटीबोरी ४४१, वेर्णे ४०३, अंधेरी ४००. एकही दुबार येत नाही. लोकांना पाठ आहेत, निदान कुरिअरच्या पावतीवर तरी दिसतात. आणि हा पिनकोड मांडणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतचे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तुमच्या हबचं काम तेव्हा सॉर्टिंगची माणसं करत होती: आधी पहिला आकडा बघायचा, गठ्ठा तिकडे फेकायचा, पुढचे आकडे पुढच्याने बघायचे.

सिग्नलवाला

झकास. माझ्या लक्षात आलं नसतं. फक्त कोडच्या आधी एक आकडा लागेल, ज्यावरून बोर्डाला कळेल की हा कॉल दुसऱ्या ठिकाणचा. तो सहाही बोर्डांत मोकळा पाहिजे.

तारघर

शून्य बाहेरच्या लाइनला. नऊ ऑपरेटरला. आठ घ्यायचा होता, पण भोसरीचं टूलरूम आठशेच्या मालिकेत बसलंय. सात मोकळा निघाला, नशीब. म्हणजे ७ + पिनचे तीन + एक्स्टेंशन. एक्स्टेंशन सगळीकडे चार आकडी करणार आहे. चाकणला तीन आकडी आहेत, त्यांच्यापुढे ५ लावतो.

जुनी_ऑपरेटर

मी एका कारखान्यात सव्वीस वर्षं बोर्डावर होते. आता निवृत्त. तुमचं सिप वगैरे मला कळत नाही, तरी एक सांगते.

हे तुम्ही जे मध्ये एक ठिकाण म्हणताय ना, ते आमच्या काळी मीच होते. माझ्याकडे लाल रेक्झिनची वही होती. तिच्यात नंबर होतेच, पण नंबरांखेरीजही होतं. देशपांडे साहेब जेवायला एक ते दीड, त्या वेळी फोन त्यांच्या टेबलावर द्यायचा नाही, स्टोअर्सच्या जोशींना द्यायचा. रात्री दहानंतर बाहेरचा कॉल आला तर गेटला. गेटने चार रिंगा उचलला नाही तर बॉयलर हाउसला, कारण तिथे कुणीतरी जागं असतंच. पावसाळ्यात सबस्टेशनचा फोन सगळ्यांच्या आधी.

आमचा बोर्ड बदलला तेव्हा नव्या माणसाने माझ्याकडून नंबरांची यादी घेतली. वही मागितलीच नाही. पहिल्याच आठवड्यात रात्री एका कामगाराच्या घरून फोन आला, बायकोला दवाखान्यात नेलंय सांगायला. ऑफिसात अंधारात फोन वाजत राहिला. म्हणून म्हणते, नंबर लागला तर कुठे जायचं ते सगळेच लिहितात. नाही लागला तर कुठे जायचं, ते लिहून घ्या. बोर्डावरच्या बायकांकडून घ्या, असतील अजून तर.

तारघर

मावशी, आमच्याकडे भोसरीला एक बाई आहेत अजून. उद्याच बसतो त्यांच्याबरोबर. मनापासून आभार.

सिग्नलवाला

@जुनी_ऑपरेटर, नमस्कार स्वीकारा. तांत्रिक भाषेत हेच सगळ्यात अवघड असतं.

याच्याच जोडीचं: हबला ‘नाही लागला’ म्हणजे नेमकं काय हे ओळखता आलं पाहिजे. सिपमध्ये ४८६ म्हणजे माणूस बोलतोय, ४०४ म्हणजे असा नंबरच नाही, ५०३ म्हणजे मी सध्या घेऊ शकत नाही. ५०३ आलं तरच दुसरा रस्ता शोधायचा. ४८६ ला शोधायचा नाही, कारण माणूस दुसऱ्या रस्त्यानेही बोलतच असणार. कागदावर सोपं वाटतं. जुने बोर्ड मात्र हवं ते उत्तर देतात. प्रत्येक बोर्डाकडून मुद्दाम एंगेज, बंद आणि नसलेला असे तीन कॉल करून तो काय बोलतो ते लिहून ठेवा.

बोर्ड मेला तर तो काहीच बोलत नाही, हे चौथं. इन्व्हाइट (कॉल घे असा निरोप) पाठवून उत्तर नाही आलं तर नियमाप्रमाणे हब ३२ सेकंद वाट बघतो. आपला माणूस दहाव्या सेकंदाला शिवी देऊन ठेवतो. म्हणून हबने दर थोड्या वेळाने ऑप्शन्सचा निरोप धाडून बोर्ड जिवंत आहे का ते आधीच बघून ठेवायचं.

एर्लांगप्रेमी

एक हिशेब टाकतो. प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दहा दहा लाइनी घेण्यापेक्षा सगळ्या एकत्र घ्या. शंभरातला एक कॉल अडला तर चालेल असं धरलं, तर दहा चॅनेल साधारण ४.४६ एर्लांग भार वाहतात (एक एर्लांग म्हणजे एक लाइन सतत चालू). अशी तीन ठिकाणं मिळून तेराच्या थोडं वर. पण तेच तीस चॅनेल एकत्र केले तर २०.३ एर्लांग. तेवढ्याच पैशात दीडपट. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने हे १९१७ मध्येच मांडून ठेवलंय. आपण अजून ठिकाणागणिक पीआरआय मोजतोय.

वकीलनव्हे

@एर्लांगप्रेमी, गणित बिनतोड, पण जरा सांभाळून. नाशकातून नागपूरला कंपनीच्या आतला कॉल आयपीवरून नेणं वेगळं. नागपूरच्या ग्राहकाला लावायचा कॉल भोसरीतून कंपनीच्या खाजगी लाइनवर बुटीबोरीला न्यायचा आणि तिथल्या पीआरआयवरून लोकल म्हणून सोडायचा, हे वेगळं. दुसऱ्याला टोल बायपास म्हणतात आणि आपल्याकडे ते चालत नाही. सिस्कोच्या कॉल मॅनेजरमध्ये लॉजिकल पार्टिशनिंग नावाची सोय आहे ती याचसाठी. फोन कुठला, लाइन कुठली हे बघून ती जोडणीच नाकारते. ट्रान्सफर आणि कॉन्फरन्समध्येही हे बघावं लागतं, तिथे लोक हमखास विसरतात. जून २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटरवाल्यांचे नियम बरेच सैल केले, पण कारखान्याने ते आपल्याला लागू आहेत असं परस्पर धरू नये. लाइन देणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या.

एर्लांगप्रेमी

मान्य. मग बोर्ड ते हब या आतल्या चॅनेलना तरी माझा हिशेब लावा, तिथे कायदा आड येत नाही.

नागपूरकर_भाऊ

अरे भाऊ, सगळं बरोबर सांगून राहिले तुम्ही लोक, पण शंभर-एकशेएकचं कोणी बोलतच नाही.

माझ्या आधीच्या नोकरीतली गोष्ट. कंपनीचं नाव नाही सांगत. असंच सगळं ‘सेंट्रल’ केलं होतं मोठ्या थाटात, बाहेरचे सगळे कॉल पुण्याहून. उन्हाळ्यात आमच्या गोडाउनच्या मागे पॅकिंगच्या खोक्यांनी पेट घेतला. गार्डाने १०१ लावला. उचलला, पटकन उचलला. पत्ता सांगितला तर तिकडचा माणूस विचारतो, हे बुटीबोरी कोणत्या पेठेजवळ? गार्डाला समजेना पेठ काय, त्याला समजेना एमआयडीसी काय. कॉल गेला होता सातशे किलोमीटर दूर पुण्याच्या अग्निशमन दलाला. शेवटी गार्डाने आपल्या मोबाइलवरून लावला. आग लहान होती म्हणून निभावलं.

तेव्हा एक करा. ११२, १००, १०१, १०८ हे नंबर हबपर्यंत जाऊच देऊ नका. तिथल्या तिथे, त्या बोर्डाच्या स्वतःच्या लाइनवरून बाहेर. हब बंद असला तरी चालले पाहिजेत. बाहेरची एक तरी लोकल लाइन प्रत्येक ठिकाणी ठेवाच, साहेब किती का खर्च मोजेना.

जर्सीकर

भाऊंना अनुमोदन. इथे अमेरिकेत याचा कायदाच झालाय. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधल्या मार्शल गावी हॉटेलच्या खोलीत कॅरी हंट नावाच्या बाईंवर हल्ला झाला. त्यांची नऊ वर्षांची मुलगी ९११ लावत राहिली, पण हॉटेलच्या बोर्डाला आधी बाहेरच्या लाइनचा ९ हवा होता. कॉल लागला नाही, बाई गेल्या. त्यांच्या नावाचा कायदा २०१८ मध्ये झाला, आणि फेब्रुवारी २०२० पासून बसणाऱ्या बोर्डांवर ९११ थेट लागलाच पाहिजे, आधी काही न दाबता. आपल्याकडे शून्य दाबून ११२ की नुसता ११२? तारघर, दोन्ही चालू ठेवा.

तारघर

भाऊ, जर्सीकर, तुमचं वाचून आत्ता सहाही तक्ते उघडले. हातापायातलं बळ गेलं. चाकणला एक्स्टेंशनं १०० पासून सुरू होतात.

१०० रिसेप्शन.
१०१ एचआर.
१०८ कॅलिब्रेशन लॅब.
११२ कँटीन.

म्हणजे इतकी वर्षं चाकणला कुणी ११२ लावला असता तर चहा आला असता.

शून्यदाबा

हसू की रडू.

कोकणकडा

चहा निदान वेळेवर येतो का, हा खरा प्रश्न.

वेर्णेकर

आमच्या वेर्ण्याच्या कारखान्यात (तारघरांचा नव्हे, शेजारचा) अशीच भानगड होती. रातोरात बदललं आणि लोकांना सकाळी सांगितलं. दोन दिवस नुसता गोंधळ. आधी पंधरा दिवस जुना आणि नवा दोन्ही नंबर चालू ठेवा, मग जुना काढा. कँटीनवाल्याला तर सगळ्यात आधी सांगा, त्याच्याकडून बातमी नोटिशीपेक्षा लवकर पसरते.

सिग्नलवाला

वेर्णेकरांचं बरोबर, फक्त ११२ ला ते जमणार नाही. तो एकाच वेळी कँटीनही आणि पोलीसही होऊ शकत नाही. नवा नंबर आधी चालू करा, पंधरा दिवस तोच वापरायला लावा, मग जुना एका दिवशी तोडा.

---

तारघर (अडीच महिन्यांनी)

मंडळी, परत आलोय. हब उभा राहिला. ओपनसिप्स घेतलं. भोसरीला एक, अंधेरीला एक. जुन्या बोर्डांना डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) वगैरे कळत नाही, म्हणून त्यांच्यात दोन ट्रंक, म्हणजे हबकडे जाणाऱ्या दोन वाटा, भरल्या, पहिली नाही लागली तर दुसरी. गुपित एकच ठेवलंय: बोर्डाकडून नंबर कसाही येवो, आत शिरताना हब त्याला एकाच पूर्ण रूपात आणतो. मग निर्णय, आणि बाहेर पडताना त्या बोर्डाला समजेल तसा पुन्हा कापतो. नाशिकचा स्टार अजून आहे, लोकांना सवय आहे, पण तो हबच्या उंबऱ्यावर गळून पडतो.

भोसरीच्या बाईंबरोबर दोन दुपारी बसलो. त्यांच्याकडे वही नव्हती, काचेखाली चिठ्ठ्या होत्या. सत्तावीस निघाल्या. त्यातल्या एकोणीस हबमध्ये गेल्या. उरलेल्या आठ माणसांच्या स्वभावाबद्दल होत्या, त्या काचेखालीच राहिल्या.

आता आपटलो कुठे ते सांगतो, कारण विचारलं होतं मीच.

एका दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वेर्ण्याहून फोन, मोबाइलवर: सगळे फोन एंगेज. रॅकमध्ये गेटवेवर बघतो तर तीसच्या तीस दिवे लागलेले. एवढं वेर्णे कधी बोलत नाही. रेकॉर्ड काढलं तर तिसाही चॅनेलवर एकच नंबर. गोदामाचं एक एक्स्टेंशन मागच्या आठवड्यात काढून टाकलेलं, ते कुणीतरी लावलं. बोर्ड म्हणाला हा माझा नाही, हबला दिला. हब म्हणाला ४०३ म्हणजे वेर्ण्याचाच, परत दिला. बोर्डाने पुन्हा हबला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच एका कॉलने तीस चॅनेल खाल्ले, आणि मग जागा उरली नाही म्हणून थांबला. म्हणजे थांबवलं ते खिशातल्या दारिद्र्याने.

सिग्नलवाला

अगदी शाळेतली चूक, आणि ती प्रत्येक जण एकदा करतो. सिपमध्ये फेऱ्या मोजणारा आकडा असतो, सहसा ७० पासून सुरू होऊन प्रत्येक थांब्यावर एक कमी होत जातो, शून्य झाला की ४८३. पण पीआरआयवर उतरला की तो आकडाच हरवतो, पलीकडून कॉल नवा कोरा बनून येतो. उपाय: जो कॉल ज्या बोर्डाकडून आला त्याच बोर्डाकडे हबने तो परत द्यायचा नाही. सरळ ४०४.

तारघर

तेच केलं. एका ओळीचं काम होतं, पण ती ओळ सुचायला तीस दिवे लागले.

दुसरी गंमत. नाशिकचा बोर्ड माणूस एंगेज असला तरी ५०३ म्हणतो. तुम्ही सांगितलं होतं तीन कॉल करून बघा. मी पाच बोर्डांवर बघितले, नाशिकला ‘नंतर बघू’ म्हटलं. मग काय, नाशिकचे प्लँट हेड फोनवर बोलत असले की हबला वाटायचं नाशिक मेलं. तो दुसऱ्या रस्त्याने, म्हणजे बाहेरच्या लाइनवरून त्यांच्याच टेबलावर कॉल न्यायचा. त्यांच्या कानात सारखी टीं टीं. वर नाशिकची ट्रंक मिनिटभर बंद धरली जायची, म्हणून बाकी नाशिकलाही कॉल जाईनात. एक माणूस जितका बोलेल तितकं नाशिक बंद. प्लँट हेड भरपूर बोलतात. आता नाशिकच्या ५०३ ला हब एंगेज समजतो. नाशिक खरंच मेलं तर ऑप्शन्सवरून कळतं.

वकीलनव्हे

बाहेरच्या लाइनवरून नेणारा दुसरा रस्ता ठेवला आहात तर तो कोणत्या ठिकाणच्या लाइनने निघतो?

तारघर

ज्या ठिकाणचा माणूस लावतोय तिथल्याच. भोसरीचा भोसरीच्या लाइनवरून, एसटीडीचे पैसे भरून. लेखीही घेतलंय, फाइलला लावलंय.

शून्यदाबा

बँकेला फोन लावल्यावर एक दाबा दोन दाबा चालतं का? आमचं तिथेच घोडं अडलंय.

सिग्नलवाला

बटणाचा टूंक आवाजात मिसळून जातोय आणि वाटेत कुठेतरी जी.७२९ आहे, असं असेल तर त्या टूंकाचा लगदा होतो. बटणं आवाजापासून वेगळी पाठवायला सांगा (त्याचं प्रमाणपत्रक आरएफसी ४७३३, जुने लोक २८३३ म्हणतात), आणि गेटवेच्या दोन्ही टोकांना तेच लावा. एका टोकाला लावून उपयोग नाही. निम्मे इथेच फसतात.

शून्यदाबा

एका टोकालाच होतं. _/\_

नागपूरकर_भाऊ

ते सगळं राहू द्या, ११२ चं काय झालं ते सांगा ना.

तारघर

भाऊ, सहाही ठिकाणी ११२, १००, १०१, १०८ आता बोर्डातूनच थेट बाहेर जातात, शून्य लावून आणि न लावताही. हबच्या दोन्ही पेट्या बंद करून, आधी कंट्रोल रूमला कळवून, एक एक कॉल करून पाहिला. बुटीबोरीचा नागपुरातच गेला. वेर्ण्याचा गोव्यात.

चाकणचं वेर्णेकर आणि सिग्नलवाल्यांच्या सांगण्याप्रमाणे केलं. कँटीनला ५११२ दिला, पंधरा दिवस आधी. नोटीस लावली, मेल पाठवला, पगाराच्या चिठ्ठीवर छापलं. एका सोमवारी सकाळी जुना ११२ तोडला. दुपारी चारच्या चहापर्यंत पाच जणांनी सवयीने ११२ लावला होता. त्यातल्या तिघांनी पलीकडून गंभीर आवाज ऐकून न बोलताच ठेवला. त्यावर कंट्रोल रूमने उलटा फोन केला: कुणी अडचणीत आहे का? रिसेप्शनची मुलगी घाबरून माझ्याकडे. मी जाऊन माफी मागितली. बाई शांतपणे म्हणाल्या, पुढच्या वेळी ठेवू नका, चूक झाली एवढं सांगा.

संध्याकाळी चाकणला गेलो. कँटीनवाल्याला सगळं आधीच कळलं होतं. त्याने मालाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून, मार्करने, आमच्या नोटिशीच्या चौपट मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक फोनवर एक टांगला होता: ‘चहा ५११२. पोलीस ११२. पोलीस चहा देत नाहीत.’

मंगळवारी एकानेही ११२ लावला नाही.

जुनी_ऑपरेटर

त्या कँटीनवाल्याला माझा नमस्कार सांगा.